खंडेनवमीचा टायमिंग बेल्ट

गाडीचा टायमिंग बेल्ट घरच्या घरी बदलता येतो, हे वाक्य मी अष्टमीच्या सकाळी चहा पिताना मोठ्यानं म्हणालो, आणि म्हणताक्षणी मला इतकी तरतरी आली की कप अर्धा ठेवून मी उठलोच. छप्पन्नाव्या वर्षी अशी तरतरी सहसा येत नाही. आली तर तिचा मान ठेवावा, असं माझं मत आहे. पुढचे तीन दिवस जे काही झालं ते या मताचा परिणाम.

आदल्या दिवशी आमच्या सोसायटीत दुसऱ्या कुणाची तरी गाडी बघायला मेस्त्री आला होता. मी त्याला सहज आमच्या चौदा वर्षांच्या गाडीकडे वळवलं. त्यानं बॉनेट उघडून, एक झाकण उचकटून आत पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, बेल्टला चिरा पडल्यात. कधीबी तुटंल. गाडी हलवू नका. दसरा झाला की बघतो, आता आमी ग्यारेज धुवायला काढलंय." आणि दसऱ्यालाच तर आम्हाला त्या गाडीनं हातकणंगल्याला जायचं होतं.

आम्हाला म्हणण्यापेक्षा लीलाला. लीला माझी बायको. तिला जूनमध्ये ड्रायव्हिंगचं लायसन मिळालं, तिसऱ्या खेपेला. त्या दिवशी तिनं माहेरी फोन करून जाहीर केलं की दसऱ्याला मी स्वतः गाडी चालवत येणार. तिचे वडील आकाराम आबा, वय ब्याऐंशी, घरच्या कुठल्याही बाईला उभ्या जन्मात ट्रॅक्टरच्या सीटवर बसू न दिलेला माणूस. ते फोनवर एवढंच म्हणाले, "बगू की." हे दोन शब्द लीला चार महिने मनात घेऊन फिरत होती. दसऱ्याला कुठली साडी नेसायची हे तिनं ठरवलं नव्हतं, पण कुठल्या रस्त्यानं जायचं, कुठं वळायचं, कुठं गतिरोधक आहेत, हे तिचं पाठ होतं.

त्यामुळे मी बेल्ट बदलायचा निर्णय घेतला तो तिच्यासाठी, हे मी इथं स्पष्ट नोंदवून ठेवतो. पुढे या मुद्द्यावर बराच वाद झाला.

टायमिंग बेल्ट म्हणजे काय, हे मलाही त्याच सकाळी मोबाइलवरच्या व्हिडिओतून कळलं. इंजिनात एक चाक वर, एक चाक खाली, आणि दोघांना जोडणारा दातेरी रबरी पट्टा. दोन्ही चाकांनी ठरलेल्या तालात फिरायचं. नवा पट्टा बसवताना ताल चुकला तर आतले भाग एकमेकांवर आपटतात आणि इंजिन कायमचं निकामी होतं. व्हिडिओ चाळीस मिनिटांचा होता. त्यातला बोलणारा माणूस फार पाल्हाळ लावत होता म्हणून मी मधली तेरा मिनिटं पुढे ढकलली. माणसानं मुद्द्याचं तेवढं बघावं.

शाहूपुरीत जाऊन मी नवा बेल्ट आणला. दुकानदारानं विचारलं, "मेस्त्री कोण?" मी म्हणालो, "मीच." त्यानं माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, बेल्ट दिला, आणि तो देताना "दिलेला माल परत घेतला जाणार न्हाय" हे भिंतीवरचं वाक्य मला वाचूनही दाखवलं. मला वाचता येतं, असं मी त्याला सांगितलं.

आता परवानगी. आमच्या सोसायटीच्या नियम अकरानुसार पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती करायची तर सेक्रेटरीची लेखी परवानगी लागते. सेक्रेटरी धैर्यशील, वयानं माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण रबरी शिक्का खिशात घेऊन फिरणारा. मी सरकारी कचेरीत हेडक्लार्क आहे; तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या अर्जांत त्रुटी काढतो आहे. माझ्या अर्जात त्रुटी निघणं शक्यच नाही, अशा समजुतीत मी दोन प्रतींत अर्ज केला. तासाभरात तो तीन त्रुटींसह परत आला. जमिनीवर तेलाचे डाग पडणार नाहीत याची हमी जोडलेली नाही, ही दुसरी त्रुटी वाचताना मला त्या पोराचं मनातून कौतुक वाटलं. मीही नेमकी तीच काढली असती. त्रुटींची पूर्तता करून मी अर्ज पुन्हा दिला आणि परवानगी मिळणारच असं गृहीत धरून कामाला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा मी कागदाच्या आधी काम सुरू केलं. काय सांगू, अंगावर रोमांच उभे राहिले.

जॅक लावून चाक काढतोय तोवर वरच्या मजल्यावरचे अण्णा खुर्ची घेऊन हजर झाले. अण्णांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी केली आहे, म्हणजे त्यांनी यंत्रं तीस वर्षं लांबून पाहिली आहेत. त्यामुळे त्यांना यंत्रातलं सगळं कळतं.

"दत्तप्रसाद, तो खालचा बोल्ट हातानं न्हाय निघायचा. पान्याला पाइप घाला. आमच्यात बॉयलरला असंच करायचे."

"बॉयलर वेगळा, अण्णा."

"बोल्ट तर बोल्टच की."

मी पान्याला पाण्याच्या पाइपचा तुकडा घातला आणि दोन्ही पाय बंपरला टेकवून ओढलं. बोल्ट सुटला. सुटला तो इतका एकाएकी की मी मागच्या मागे घरंगळत गेलो आणि अंबाबाईच्या दर्शनाहून परतणाऱ्या चार बायकांच्या पायांशी, एका झेंडूच्या टोपलीत जाऊन बसलो. बायकांनी आधी फुलं वेचली, मग माझी चौकशी केली. पण बोल्ट सुटला होता. मी टोपलीतूनच पाना वर करून दाखवला, आणि अण्णांनी टाळी वाजवली.

पुढचं सगळं भराभर झालं. बाकीचे पट्टे निघाले, पुली निघाली, झाकण निघालं, आणि ती दोन चाकं दिसली. वरचं मोठं, खालचं लहान, दोन्ही तेलाच्या काजळीनं काळीकुट्ट. जुना बेल्ट काढायच्या आधी चाकांच्या जागा खुणेनं नोंदवून ठेवायच्या असतात, म्हणजे नवा बेल्ट घालताना ताल जुळतो. व्हिडिओतल्या माणसाकडे पांढरा रंग होता. आमच्या घरात पांढरा रंग नव्हता, खडू नव्हता, आणि लीलाची नेलपॉलिशची बाटली वाळून दगड झालेली. शेवटी मी देवघरातून कुंकू घेतलं, दिव्यातल्या तेलात कालवलं आणि काडीनं वरच्या चाकावर एक आणि त्याच्या समोर इंजिनवर एक, तसंच खाली, अशा लालभडक खुणा केल्या. अशी युक्ती त्या व्हिडिओवाल्याला सात जन्मात सुचली नसती.

संध्याकाळी दिवेलागणीला जुना बेल्ट माझ्या हातात होता. खरंच चिरा पडल्या होत्या. मी तो सापासारखा धरून जिना चढलो आणि घरात सगळ्यांना दाखवला. लीलानं तो दोनदा वाकवून पाहिला. "हा वाटेत तुटला असता तर?" ती म्हणाली. मी म्हणालो, "म्हणून तर मी आहे." उद्या सकाळी तासाभराचं काम राहिलं होतं. मी इतका खूश होतो की जेवताना दोनदा भात घेतला.

सकाळी उठून मी पाने आणायला गॅलरीत गेलो. पाने नव्हते. हातोडी नव्हती, जॅकचा दांडा नव्हता. शोधत शोधत देवघरापाशी आलो. तिथं पाटावर माझे सगळे पाने उंचीप्रमाणे मांडलेले, घासून लख्ख केलेले, प्रत्येकाला कुंकवाचं बोट आणि वर फूल. शेजारी विळी, अडकित्ता आणि लीलाचं शिलाई मशीन.

खंडेनवमी. मी साफ विसरलो होतो. आज हत्यारांची पूजा. एकदा पुजलेलं हत्यार उद्या सकाळी पूजा उठेपर्यंत हलवायचं नाही, आणि आमच्या घरी हा नियम माझ्या आईचा आहे. सोसायटीच्या नियमात पळवाट निघते.

मी खाली धावलो. खाली पार्किंगमध्ये सगळ्यांच्या गाड्या धुऊन, हार घालून उभ्या. आमची गाडी जॅकवर, एक चाक काढलेलं, बॉनेट उघडं. आणि तिच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत माझी आई, बयाबाई, वय एकोणऐंशी, पुढे चिंचेचा गोळा आणि पाण्याची बादली घेऊन बसलेली. अण्णा इंजिनमध्ये वाकून दोन्ही हातांनी वरचं चाक गरगरा नव्हे, पण चांगला जोर लावून फिरवत होते.

"अण्णा, काय करताय हे?"

"पलीकडच्या अंगाला हात पोचत नव्हता काकूंचा. जरा फिरवून दिलं."

"खालचं पण फिरवलंत?"

"न्हाय, ते घट्ट हाय. हललं न्हाय."

मी वाकून पाहिलं. वरचं चाक देवघरातल्या समईसारखं चकचकत होतं. आणि त्याच्या काठावर सगळीकडून कुंकवाची बोटं. मी मोजली, अकरा होती. माझी खूण त्यातली कुठली, की ती धुऊनच गेली, काही कळायला मार्ग नव्हता.

"आई, हे तू का केलंस?"

"का म्हंजे? लीलेनं दोन-चार ठिकाणी कुंकू लावून तसंच सोडलेलं. म्हटलं, पूजा अर्धवट ठेवू ने. बाकीचं चाक काय परकं हाय व्हय? अन् काय घाण रं ती. चौदा वर्सांत एकदा तरी घासायचं."

"लीलानं नाही, मी लावलं होतं."

आई माझ्याकडे कौतुकानं पाहू लागली. तिचा मुलगा इतका धार्मिक आहे हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.

जुन्या बेल्टवरून ताल जुळवावा तर त्यावर खूणच नव्हती, कारण खुणा मी फक्त चाकांवर केल्या होत्या. बेल्टवरही कराव्यात हे त्या ढकललेल्या तेरा मिनिटांत असावं. मी जमिनीवर बसलो. अण्णा म्हणाले, "अकरातलं एक धरा अन् बसवा. देवाचं कुंकू हाय, चुकायचं न्हाय." देवाच्या कुंकवानं इंजिन फुटलं तर तक्रार कुठं करायची, हे त्यांनी सांगितलं नाही.

एवढ्यात लीला खाली आली. तिनं पाने नसलेला मी, उघडं इंजिन आणि अकरा कुंकवं पाहिली. मी सगळं सांगितलं. तिनं ते शांतपणे ऐकलं, मग हळू आवाजात म्हणाली, "खरं सांगा. मी गाडी चालवायला नकोच होती ना तुम्हाला? म्हणून खोलून ठेवलीत."

अण्णा खुर्ची उचलून निघून गेले. अण्णा स्वतःहून निघून गेलेले मी तेव्हाच पाहिले.

मला राग आला. मी दिवसभर तेलात लोळलो, झेंडूत पडलो, ते कुणासाठी? मी तसं म्हणालोही. ती वर गेली. मग मी तिथंच बसून राहिलो आणि राग ओसरत गेला तसं मला एक एक आठवायला लागलं. जूनपासून मी तिला गाडी दिली होती ती चार वेळा, दूध डेअरीपर्यंत. चारही वेळा माझा उजवा हात हँडब्रेकवर होता. गाडी खोलण्यातला माझा आनंद खरा होता, तिच्यासाठी खोलली हेही खरं होतं. पण मेस्त्री "दसरा झाला की बघतो" म्हणाला तेव्हा क्षणभर माझ्या जिवाला बरं वाटलं होतं. तेही खरं होतं. हेडक्लार्कला स्वतःच्या अर्जातली त्रुटी दिसते तेव्हा ती फार लागते.

दरम्यान सोसायटीतल्या लोकांना आमचं इंजिन फार आवडलं. बाकीच्या गाड्यांना नुसता बाहेरून हार, आमच्या गाडीचं मात्र आतलं दर्शन. येणारेजाणारे हात जोडू लागले. कुणीतरी बॅटरीवर नारळ ठेवला. दुसऱ्या विंगमधल्या एका आजींनी जॅकला पाच प्रदक्षिणा घातल्या. दुपारी धैर्यशील आला, त्यानं आधी नमस्कार केला आणि मग मला पत्र दिलं. परवानगी मंजूर झाली होती, अट एकच: सणासुदीच्या दिवशी हत्यारांचा आवाज करू नये. मी म्हणालो, "आज हत्यारांना हात लावायचीच बंदी आहे." तो म्हणाला, "मग अटीचं पालन झालं," आणि त्यानं दुसऱ्या प्रतीवर माझी सही घेतली.

मी घरात आलो तेव्हा लीला स्वयंपाकघरात मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून तोच व्हिडिओ बघत होती. पहिल्यापासून. पाल्हाळासकट. मी दारात उभा राहिलो. म्हणालो, "लीला, तुझं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. पण आता मला ती गाडी चालू करायचीच आहे आणि तूच चालवायची आहेस."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हँडब्रेकला हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"मग हे बघा." तिनं व्हिडिओ मागे नेला. "हा काय म्हणतोय. रंगाची खूण नुसती सोयीसाठी, ती नसली तरी अडत नाही. कंपनीनं वरच्या चाकावर खोलगट ठिपका कोरलेला असतो. तो मागच्या पत्र्यावरच्या बाणासमोर आणायचा. झालं. काजळीखाली झाकलेला असतो, म्हणून आधी चाक स्वच्छ घासा म्हणतोय."

आम्ही दोघं एकदमच आईच्या खोलीत गेलो. आई पडली होती.

"आई," लीलानं विचारलं, "ते वरचं चाक घासताना तुम्हाला त्यावर कुठं खड्डा लागला का बोटाला?"

"लागला की. एवढीशी खळी हाय. कुंकवासाठीच केल्यागत. पहिलं बोट मी तितंच लावलं, अक्षताबी तितंच चिकटवली. बाकी मग सगळीकडनं लावत गेले."

आम्ही खाली पळालो. मी धापा टाकत, लीला पुढे. अकरा कुंकवांपैकी एकाच कुंकवावर तांदळाचा दाणा होता. लीलानं तो नखानं अलगद काढला, कुंकू पदरानं पुसलं, आणि खाली धातूत कोरलेला ठिपका होता. मागच्या पत्र्यावर आईनं घासून उजळवलेला बाणही होता. जी खूण आमच्या कुठल्याही मेस्त्रीनं चौदा वर्षांत उघडी पाडली नव्हती, ती आईनं चिंचेनं काढली होती. मला इतका आनंद झाला की मी पार्किंगमध्ये बायकोचा हात धरून नाचायच्या बेतात होतो, पण धैर्यशील बघत होता.

दसऱ्याच्या सकाळी पूजा उठायची वाट बघणं हे त्या तीन दिवसांतलं सगळ्यात अवघड काम. आईनं आंघोळ केली, दहीभाताचा नैवेद्य केला, तो दाखवला, घंटा वाजवली, मग शेजारणीशी फोनवर बोलली, आणि मग कुठं अक्षता टाकून म्हणाली, "न्या आता." मी पाने उचलून जिन्यावरून उतरलो तो जवळजवळ उड्या मारतच.

ठिपका बाणासमोर आणला. खाली माझं कुंकू जागेवर होतं, तिथं आईचा हात पोचला नव्हता. नवा बेल्ट चढवला, ताण दिला. मग व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे पान्यानं इंजिन हातानं पूर्ण दोन फेरे फिरवायचं. कुठं अडलं तर चुकलं, आणि पुढे सगळं संपलं. लीला वरच्या चाकाकडे डोळे लावून उभी. अण्णा खुर्ची घेऊन परत आलेले. मी फिरवत होतो आणि माझ्या छातीत असं धडधडत होतं की इंजिन सुरूच असल्यासारखं वाटावं. पहिला फेरा झाला. दुसरा अर्ध्यावर आला तेव्हा जड लागलं. मी थांबलो. लीला म्हणाली, "फिरवा, जड लागतं म्हणालाय तो तिथं." मी फिरवलं. ठिपका बाणासमोर येऊन थांबला.

झाकण, पुली, पट्टे, चाक. अकरा वाजता लीलानं किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं आणि असं मऊ चालू लागलं की अण्णा म्हणाले, "आमच्या कारखान्यातसुद्धा असं कधी झालं न्हाय." मी त्यांना मिठी मारली. त्यांच्या सदऱ्यावर माझे दोन्ही काळे हात उमटले.

आमच्या बावड्याहून हातकणंगल्यापर्यंत मी डावीकडच्या सीटवर, दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो होतो. लीला रस्त्यावरून नजर काढत नव्हती. तिच्या कपाळावर घाम होता आणि मान ताठ. एका चौकात ती एका उसाच्या ट्रॅक्टरला वाट देऊन थांबली, एका ठिकाणी विनाकारण हॉर्न वाजवला. तरी पण पोचली. माहेरच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा तिचा भाऊ कृष्णात, सवयीनं, उजव्या बाजूच्या काचेशी हात पुढे करून "या दाजी" म्हणत आला, आणि आत बहिणीला बघून हात तसाच धरून उभा राहिला.

ओसरीवरून आकाराम आबा उठले. काठी टेकत आले. गाडीच्या पुढून सावकाश चालत माझ्या बाजूला आले आणि माझं दार उघडलं.

"पावणं, उतरा."

सासरे स्वतः दार उघडून उतरवून घेतायत म्हटल्यावर मी सद्गदित झालो. उतरून त्यांच्या पाया पडायला वाकलो. आबा मला ओलांडून गाडीत बसले, माझ्या सीटवर. काठी दोन पायांत उभी धरली. दार त्यांना लावता येईना, ते मीच लावलं.

"चल लीले," ते म्हणाले. "वरच्या मळ्याकडं घे."

लीलानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग पहिला गिअर टाकला, आणि गाडी निघून गेली. माझ्याकडे दोघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.

"दाजी, आत या. चहा टाकलाय," कृष्णात म्हणाला.

"थांब," मी म्हणालो. "ऐकतोय."

मळ्याची वाट चढाची होती. उसामागं गाडी दिसेनाशी झाली, पण आवाज येत होता, सलग, न अडखळता. चढ सुरू झाला तसा आवाज जड होऊ लागला. माझे हात आपोआप पुढे झाले आणि मी तोंडातल्या तोंडात म्हणालो, "दुसरा टाक."

तिनं तो आधीच टाकला होता.